जोडी सुटली म्हणजे काय?

भाऊ,

वरती देवाचं नाव, तीर्थरूप, साष्टांग हे सगळं मी मनात लिहिलं आहे असं धरून चाला. माझी शाळा सुटली तेव्हा (सुटली या शब्दाची मला आजकाल धडकी भरते, काऊन ते पुढे कळेल) गुरुजी मायन्यापर्यंतच पोहोचले होते आणि मायना मी विसरली. तुमचा खोकला कसा आहे? राइस मिलच्या कोंड्यात उभं राहून वरून बिडी ओढाल तर तो जाईल कुठं? वहिनींना नमस्कार. त्यांच्या गुडघ्यासाठी मोहाचं तेल पाठवलं होतं, ते गुडघ्यालाच लावलं की कंदिलात घातलं ते कळवावं. इकडं सर्व खुशाल आहे असं लिहायची रीत आहे. इकडं काही खुशाल नाही. आपल्या फुलवंताचं लग्न जमलं की मोडलं हे मला, तिच्या मायला, अजून माहीत नाही. जीव टांगणीला लागला आहे, भाजीत दोनदा मीठ पडून राहिलं आहे, आणि घरचा मालक ओसरीवर बसून मोटारीच्या गोष्टी करून राहिला आहे.

पहिल्यापासून सांगते. माघ लागता लागता चिचगडचे यादोराव पोरगी पाहायला आले. धानाची शेती, बोलणं मोठं, पागोटं पांढरंशुभ्र. सोबत त्यांची बायको धुरपताबाई. मुलगा दुधराम आधीच येऊन बसला होता. त्याला मोटारीत ओकारी होते म्हणून तो बिचारा अंधारातच सायकलवर निघाला आणि मायबापाच्या मोटारीच्या आधी पोहोचला. पोरगा चांगला आहे, भाऊ. पाणी दिलं तर पाणी पितो, विचारलं तर बोलतो. असा माणूस आपल्या घरात आजवर आला नाही.

यादोराव ओसरीवर टेकले, तेवढ्यात रस्त्यावर भोंगा वाजला. तुम्हाला तर माहीत आहे, गोरेगावहून गोंदियाला दोन मोटारी जातात, रामलाल ड्रायव्हरची लाल आणि धनसिंग ड्रायव्हरची निळी. सवारी पळवायला दोघी एकमेकींच्या मागं लागतात आणि आपलं घर नेमकं रस्त्यावर. भोंगा ऐकून यादोराव उठले. फुलवंताचे बापही उठले. दोघांनी एकाच तोंडानं विचारलं, "कोणती समोर आहे जी?" झालं. हरवलेले भाऊ भेटावे तसे दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. पोरगी पाहायला आलो हे एक विसरला, आपल्याला पोरगी आहे हे दुसरा विसरला.

मग काय बोलणं, काय बोलणं! आधी शंकरपट निघाला, म्हणजे बैलांच्या शर्यती. कोणाची बैलजोडी कोणत्या पटात कशी उडाली, कोणता धुरकरी छकड्यावर उभा राहून जोडी हाकत होता, झेंडी पडायच्या आधी कोणाचे बैल पुढे सरकले. मग लढाईच्या सालातली कोळशाची मोटार निघाली, जिच्या मागं भट्टी लावलेली राहत होती. ती चढावर थांबली की सवाऱ्या उतरून धक्का मारत, आणि या दोघांना त्यात मजा वाटत होती म्हणे. यादोराव म्हणाले, शर्यत खरी तेव्हाची, आता पेट्रोल टाकून कोणीही पळते. आमचे मालक म्हणाले, पेट्रोल काय पळते, पळवणारा धनसिंग आहे. यादोरावांचं तोंड तिथंच उतरलं, कारण ते लालवाले निघाले.

तेवढ्यात फुलवंता चहा घेऊन आली. एवढी धुवून-पुसून, माझं लुगडं नेसवून उभी केली, तर यादोरावांनी चहाचा पेला उचलला आणि न पिता जमिनीवर ठेवून म्हणाले, "ही पाहा लाल." मालकांनी पानाच्या डब्यातून अडकित्ता काढला. ही पाहा निळी. पानाचा डबा म्हणजे रेल्वेची फाटक. दोघं माणसं ओणवी होऊन पेला अन् अडकित्ता सारवलेल्या ओसरीवर घासून राहिली, आणि माझी पोर खाली मान घालून उभी. धुरपताबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अवो, पोरीले काही इचारा तं!" तेव्हा ते वर न पाहता काय विचारतात? "बाई, तुले कोनती गाडी आवडते?" (लोक स्वयंपाक विचारतात, वाचता येते का विचारतात.) फुलवंता म्हणाली, "जे येळेवर येते ते." पोरगा फस्सकन हसला. मी झटकन मुगाचे वडे पुढे सरकवले. तोंडाळपणा तिनं कोणाचा उचलला ते तुम्ही लिहू नका, मला माहीत आहे.

ते निभलं असतं, पण मालकांच्या जिभेला खाज. म्हणाले, यादोरावजी, तुमच्या वडिलांची पांढरी जोडी आठवते मला, पट सोडून हलवायाच्या दुकानात शिरली होती. यादोराव ताडकन उभे! "ते जोडी बुजली होती, टिकारामजी. हारली नव्हती!" चहा तसाच, मुगाचे वडे तसेच, पागोटं सावरलं आणि निघाले. निरोप पाठवतो एवढंच म्हणाले. धुरपताबाईंनी जाताना फुलवंताच्या पाठीवर हात ठेवला, तो बरं वाटून ठेवला की कीव येऊन ठेवला हे मी अजून ठरवून राहिली आहे.

मग निरोपाची वाट. आणि निरोप आला कसा ते ऐका. लाल मोटारीवर कवडू नावाचा क्लीनर आहे, दारात लोंबकळतो. यादोरावांनी निरोप त्याच्याजवळ दिला. आता शहाण्या माणसानं मोटार थांबवून, उतरून, पाणी पिऊन निरोप सांगावा. पण मागून निळी येत होती, मग थांबते कोण? मी अंगणात धान वाळवून राहिली होती. कवडू दारातून ओरडला, "यादोरावनं सांगतलं, जोडी सुटली वो बाई!" पुढंही काही ओरडला, ते धुळीत गेलं, आणि मागून आलेल्या निळीच्या भोंग्यानं उरलंसुरलं खाल्लं.

जोडी सुटली! मी धान तसंच टाकून ओसरीवर आली. फुलवंता आत जाऊन जात्याशी बसली, दळायला काही नसताना. आणि हे म्हणतात, "बरं झालं, यादोरावनं नवी जोडी पटात उतरवली वाटते." यांच्या डोक्यात जोडी म्हणजे बैल. पोर आणि पोरगा मिळून जोडी होते हे यांना स्वतःच्या लग्नातही कोणी सांगितलं नसेल. मी म्हटलं, गोरेगावला जा, कवडूला धरा, पूर्ण निरोप घेऊन या. गेले. सांज करून आले. मी दारातच विचारलं, काय कळलं? म्हणाले, निळीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता, आता नवा टाकला.

म्हणून बाजाराच्या दिवशी मीच गेली. मोटार स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर यांच्यासारखेच रिकामे बसून राहतात. मी विचारलं, कवडू कुठं आहे? एक म्हणतो, बाई, कवडू काही नाही, याच्या आधीचा क्लीनर पाहायचा होता, चालत्या मोटारीत टपावर चढत होता. दुसरा म्हणतो, तो काही नाही, कोळशाच्या मोटारीचा क्लीनर खरा. मी म्हटलं, मेल्यांनो, आज जिवंत असलेला क्लीनर कुठं आहे ते सांगा! तेवढ्यात लाल मोटार सुटली, कवडू दारात. मी ओरडली, त्यानं हात हलवला (त्याला वाटलं मी निरोप देऊन राहिली आहे), आणि गेली मोटार.

आता भाऊ, इथून पुढचं वहिनींना वाचून दाखवू नका.

निळी उभी होती. मी चढली. ड्रायव्हरच्या बाजूची जागा रिकामी होती, तिथंच बसली आणि धनसिंगला म्हटलं, त्या लालला गाठ. तो म्हणे, बाई, धक्के बसतील. मी म्हटलं, माझ्या पोरीचं लग्न अडलं आहे, तू धक्क्याचं काय सांगतो? त्यानं मग जी हाणली! कोंबड्या उडाल्या, धानाच्या बोऱ्या घसरल्या, मागं एका म्हातारीचा वांग्यांचा टोपला सांडला. मोठ्या मोहाच्या झाडापाशी आम्ही लालच्या बरोबरीला आलो. मी बाहेर डोकं काढून ओरडली, "कवडू, यादोरावनं काय सांगतलं रे पुरं?" कवडू म्हणतो, "मले कायले इचारता? थे काय, समोर बसले हायेत!" पाहते तर लालच्या पुढच्या खिडकीत यादोराव. पांढरं पागोटं. माझ्या डोक्यावर पदर नाही, तोंडात धूळ, आणि नेमकं त्याच वेळी माझ्या तोंडून निघालं, "हाण रे धनसिंग!" निळी समोर गेली. आमची सारी धूळ त्या पागोट्यावर बसली.

पुढं छोट्या लाइनची फाटक. आम्ही निघालो आणि मागं फाटक पडली. मी धनसिंगला थांबवून उतरली आणि चालत मागं आली, म्हटलं आता सुटका नाही, विचारूनच जाईन. फाटकीच्या अलीकडे मी, पलीकडे यादोराव मोटारीतून उतरून उभे. मी तोंड उघडलं आणि गाडी आली. मालगाडी! छोट्या लाइनची गाडी तुम्ही पाहिली आहे, तिच्यापेक्षा म्हैस लवकर जाते. डब्यांच्या फटीतून यादोराव हातवारे करून बोलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. गाडी सरली, फाटक उघडली, रामलालनं भोंगा दिला, यादोराव धावत जाऊन बसले, आणि माझ्या बाजूनं जाताना खिडकीतून ओरडले, "म्या सांगतलं ना, जोडी सुटली! आता मांगं पाहाचं नाही!" लाल गेली. निळी तर केव्हाच गेली होती. मी फाटकीवर एकटी. घरापर्यंत पायी आली.

मालकांना सांगितलं. ते म्हणतात, अवो येडे, पटात झेंडी पडली की म्हणतात जोडी सुटली. म्हणजे सुरू झालं, आता थांबत नाही. म्हणजे लग्न पक्कं! पण हे अशा माणसाचं म्हणणं आहे जो अडकित्त्याला मोटार म्हणतो. मागं पाहाचं नाही म्हणजे पुढच्या तयारीला लागा की आमच्या दाराकडे पाहू नका? पागोट्यावर धूळ टाकलेल्या बाईला कोण विहीण करून घेईल? फुलवंता सारखी रस्त्यावर पाहते, आणि मोटारीकडे नाही पाहत, सायकलकडे पाहते.

तर भाऊ, यादोराव गोंदियात त्यांच्या भाच्याकडे उतरले आहेत, तुमच्या मिलच्या मागच्याच गल्लीत. हातातलं काम टाकून जा आणि सरळ विचारा, पोरगी सून म्हणून पाहिजे की नाही. हो किंवा नाही म्हणायला लावा. बैल, झेंडी, मोटार यातला एक शब्द बोलू देऊ नका. उत्तर लगेच लिहा आणि पत्र लाल मोटारीवर देऊ नका, कवडू ते ओरडून वाचेल.

तुमची धाकटी बहीण
रुख्मा

ता. क. पत्र चिकटवायच्या आत धुरपताबाई आल्या. बैलगाडीनं आल्या, हळू, साखर घेऊन. म्हणाल्या, पोरीनं ज्या दिवशी वेळेवर येणारी गाडी म्हटलं त्याच दिवशी माझं ठरलं होतं, आमच्या घरी एक तरी माणूस वेळेचं पाहिजे. लग्न पक्कं आहे. तेव्हा विचारायला जाऊ नका.

आणखी ता. क. नाही, जाच तुम्ही. धुरपताबाई सांगत होत्या, यादोराव गोंदियाभर सांगून राहिले आहेत की लालच समोर होती, फक्त फाटकीनं अडवली. हे साफ खोटं आहे. मोहाच्या झाडापासून निळी समोर होती, माझी बहीण आत बसली होती, असं चारचौघांत सांगा.

शेवटचं. लग्न लागेपर्यंत लालच समोर होती. अक्षता पडल्या की मग सांगा.