राखेची पाळी

प्रिय रंजीता,

हे पत्र पत्रूभाऊच्या हाती देते आहे. तो दर बुधवारी मासळीची गाडी घेऊन एटापल्लीकडे जातो, हे मला परवाच कळलं. रोशनी हसायला लागली. म्हणाली, "आई, पत्रूमामाच्या हातून पत्र! मोबाईलवर बोल ना काकूशी." बोलते की, दर आठवड्याला बोलते. तू म्हणतेस, "बरी आहो बाई, तुमी कशा?" मी म्हणते, मीही बरी. तेवढ्यात तुझ्या मेसमधल्या कुकरची शिट्टी होते आणि तू फोन ठेवतेस. होळीपासून आपण दोघी नुसत्या बऱ्याच आहोत. म्हणून आज रोशनीच्या वहीची पानं फाडून बसले. दहावीच्या परीक्षेनंतर एवढं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नकोस.

इकडे यंदा तलाव सांडव्यावरून वाहिला. धान निसवला आहे. मरळ चांगली लागते आहे, पण आमचे हे, म्हणजे तुझे भासरे, म्हणतात, "रंजीता नाई तं मासळी साफ कराले दोन तास लागून राह्यले." खरं आहे ते. तुझ्यासारखी खवल्यांवर सुरी चालवणारी घरात दुसरी नाही, आणि हे तुला शिकवलं मी! लग्न होऊन आलीस तेव्हा डोंग्यात बसायला घाबरायचीस. ढिवराची पोर आणि पाण्याला भिते, म्हणून सगळ्या बाया हसल्या होत्या. मी तुला पुढ्यात बसवून तलावाच्या मधोमध नेलं, तेव्हा तू माझा पदर एवढा घट्ट धरलास की तो फाटला. आणि माझा हात मोडला तेव्हा दोन महिने माझी वेणी तूच घातलीस. रोज. इतकी घट्ट घालायचीस की कपाळ ताणलं जायचं, पण मी कधी बोलले नाही. मला ते आवडायचं.

आज सांगायचं आहे ते पेटीबद्दल. आपली पेटी मी उघडली.

तू एटापल्लीला गेल्यापासून कोणी तिला हात लावला नव्हता. आपल्या भाजक्या मासळीच्या टपरीमागे ताडपत्रीखाली पडून होती. दसऱ्यानंतर जंगल सफारीच्या गाड्या सुरू होतील, तेव्हा आपल्या बचत गटाने टपरी पुन्हा लावायची की नाही, असा विषय निघाला. मी म्हटलं, आधी पेटी चालते का ते तरी बघू. ती आली तो दिवस आठवतो तुला? जंगलाच्या गेटच्या रस्त्यावरचं ते रिसॉर्ट बंद पडलं आणि त्यांचा म्हातारा खानसामा पेटी आपल्या गटाला देऊन गेला. दोन तास त्याने समजावलं. या डब्यात भुशाच्या दाबलेल्या कांड्या टाकायच्या, खालचा स्क्रू त्या हळूहळू ढकलत आगीच्या वाटीत नेतो, पंखा वारा घालतो, आणि वर जाळीवर मासळी धुरात भाजते. गटातली गुणाबाई म्हणाली, "चुलीले लाइट लागते काऊन वं?" आम्ही सगळ्या हसत राहिलो. तू एकटी उकिडवी बसून पेटीच्या पोटात डोकावत होतीस.

महिनाभरात तूच तिची वैद्य झालीस. तुझे नियम सगळ्या बायांना पाठ झाले होते. जाळी कोमट असतानाच घासायची. तेलकट थाळी रोज खरवडायची. पोटात पाणी घालायचं नाही. राख थंड झाल्यावरच काढायची. आणि चालू पेटीत लाइट गेली, तर वाटी रिकामी केल्याशिवाय पुन्हा बटण दाबायचं नाही, कारण अर्धवट जळालेल्या कांड्या तिथे साचलेल्या असतात. मागच्या टिनावर खडूने सात बायांची नावं, सात वार, आणि वर मोठ्या अक्षरात 'राखेची पाळी'. गटाची अध्यक्ष मी, पण टिनावर लिहिणारी तू.

तर पेटी उघडली. डब्यातल्या कांड्या पावसाच्या ओलीने फुगून सिमेंटसारख्या बसल्या होत्या. चमच्याने खणल्या, बांबूच्या कामटीने टोकरल्या. स्क्रू हलेना. तीन दुपारी त्यातच गेल्या. शेवटी तुझ्या भासऱ्यांनी पेटी धरली, मी नट काढले आणि स्क्रू ओढला, तशी मी मागे कोंबड्यांच्या खुराड्यावर पडले. कोंबड्या चार दिवस माझ्याकडे पाहत नव्हत्या! मग तारेच्या ब्रशने जाळ्या घासल्या, थाळीवरची चिकट काळी साय खरवडली, धुराड्यातून मूठमूठ काजळी काढली, उष्णता मोजणारी ती बारीक दांडी ओल्या फडक्याने पुसली. कोपरापर्यंत काळी झाले. प्रत्येक वेळी वाटायचं, तू मागून म्हणशील, "तसं नाई बाई, सरका." सगळ्यात शेवटी आगीच्या वाटीपाशी पोचले. तीत त्या दिवसाचा काळा गोळा अजून तसाच होता.

त्याच्या आदल्या संध्याकाळी लाइट गेली होती. सकाळी तू माझ्या दारात आलीस. साडीला पिन लावत म्हणालीस, "बाई, बाबाले डोळे दाखवाले सिंदेवाहीले न्याचं आहे. आज माही पाळी, तुमी पाहान का? वाटी भरली असन." मी म्हटलं, "जाय तू, पाहीन मी." अकराला तू परत आलीस, तेव्हा दोन गाड्यांमधले पाहुणे टपरीसमोर उभे होते. तू पिशवी ठेवलीस आणि बटण दाबलंस. मी घराकडून मासळीचा टोपला घेऊन येत होते. पांढरा धूर दिसला. मग धप्प असा आवाज झाला, झाकण उडालं आणि तू उजवा हात धरून खाली बसलीस. वरची ताडपत्री पेटली. गुणाबाईने वायर ओढली, लोकांनी माती टाकली. मी तुझा हात बादलीत धरून ठेवला होता. गाडीत दवाखान्यापर्यंत तू एकदाच बोललीस. म्हणालीस, "बाई, पाहुन्यायले कोनाले लागलं तं नाई ना?"

आठ दिवसांनी गट बसला. गुणाबाईने विचारलं, "पाळी कोनाची होती?" टिनावर तुझं नाव होतं. हाताला पट्टी, अर्धी भुवई जळालेली, अशी तू समोर बसली होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस. मी माझ्या पायाच्या बोटांकडे पाहिलं. आणि तू म्हणालीस, "माहीच."

तुला तोंडावर कोणी रागावलं नाही. पण नळावर, तलावावर बोलणं व्हायचंच. मोठी शेफ झाली, राख काढायला विसरली. तुझ्या धनराजच्याही कानावर ते गेलं. होळी झाली आणि तुम्ही दोघं सामान बांधून एटापल्लीला गेलात. धनराज म्हणाला, तिकडे खाणीच्या गाड्यांवर ड्रायव्हर पाहिजेत. मी मान हलवली आणि तुला डब्यात तिळाची चटणी बांधून दिली. रंजीता, त्या दिवशी मी तुला चटणी दिली!

तू 'माहीच' का म्हणालीस, ते मला तेव्हाच कळलं होतं. रोशनीला पाहायला पाहुणे येणार होते. मी अध्यक्ष. बाई विसरली, तर झाकून घ्यावं, असंच तुला वाटलं असणार. माझ्या वाट्याचं तू अंगावर घेतलंस आणि मी घेऊ दिलं. रोशनीचं ते स्थळ पुढे आपोआपच मोडलं, मुलाला नागपूरची मुलगी हवी होती. रोशनी तर खूश झाली. नर्सिंगचा फॉर्म भरला आहे तिने.

ती वाटी साफ केल्यावर मला राहवेना. गेल्या गुरुवारी गट बसला. पेटी चालू झाली म्हणून सगळ्या आनंदात होत्या. मी उभी राहिले आणि सांगितलं की त्या दिवशीची पाळी रंजीताने माझ्यावर सोपवली होती, राख मी काढायची होती.  मग गुणाबाईने माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाली, "इसरली असशीन माय. मानूसच आहे. येवढे दिवस काऊन जीव जाळला?" कोणीतरी चहा दिला. संपलं. तुझ्या हाताची बोटं अजून पुरती वळत नाहीत, आणि मला एका कपात माफी मिळाली. अध्यक्षपद मी सोडलं, आता गुणाबाई बघेल. टपरीसाठी तुला बोलवायचं, असंही सगळ्यांनी ठरवलं. निरोप मीच द्यायचा आहे, तो दिला. यायचं की नाही ते तू ठरव. या पत्रात मी तुला ये म्हणणार नाही. पुढचं वाचल्यावर तुला यावंसं वाटेल की नाही, मला माहीत नाही.

मी विसरले नव्हते. त्या सकाळी घमेलं आणि चमचा घेऊन मी पेटीसमोर बसले होते. झाकण उघडलं. वाटी काठोकाठ भरलेली पाहिली. त्याच्या दोन दिवस आधी पेपरात आपल्या टपरीचा फोटो आला होता. मधे तू, चिमटा घेऊन हसणारी, आणि कडेला माझा अर्धा खांदा. पाहुणे उतरले की विचारायचे, रंजीताताई कुठे आहेत? मला कोणी विचारत नव्हतं. जिला मी मासळी धरायला शिकवलं, तिची राख आता मी उपसायची, असं मनात आलं. आज पेटी नाही पेटली, तर पाहुण्यांसमोर होऊ दे एकदा हिची फजिती, असं वाटलं. एवढंच वाटलं, याहून जास्त नाही, हे शपथेवर सांगते. पण लाइट गेल्यावर वाटी भरलेली असली तर काय होतं, ते तूच आम्हाला तीनदा सांगितलं होतंस. मी झाकण लावलं, रिकामं घमेलं उचललं आणि घरी जाऊन मासळी कापत बसले. हे तुलाही माहीत नाही. तुझे भासरे, रोशनी, कोणालाच नाही. उद्या गुरुवारी दुपारी दोनला गट बसणार आहे, तिथे मी हे सगळं सांगणार आहे. त्याआधी तुला कळावं, आणि दुसऱ्या कोणाकडून नाही तर माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे लिहिलं. वाचून झालं की धनराजलाही वाचायला दे. त्यालाही आजवर वाटत आलं आहे की विसरलीस ती तू.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझीच,
गोकुळाबाई