टाचेच्या शिरेला इस्त्री

आदरणीय भाऊजींना सादर नमस्कार.

तुमचं पत्र येऊन पुष्कळ दिवस झाले आणि उत्तर आत्ता लिहितोय, तेव्हा आधी कान धरतो. दुखत होती टाच, पत्र लिहायचं हातानं, मग अडलं कुठे, असं तुम्ही विचाराल. पण टाच दुखायला लागली की माणसाला दुसरं काही सुचतच नाही हो. तुमचा खोकला कसा आहे? (गेला नसेल तर दाखवून घ्या. आपोआप गेला असेल तर का गेला, तेही विचारून घ्या.) ताईचे गुडघे काय म्हणतात? आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून.

झालं असं, की उजव्या टाचेच्या मागे, ती जाड शीर जिथे हाडाला चिकटते ना, तिथे ठणका सुरू झाला. सकाळी पलंगावरून उतरलो की पहिली पावलं खिळ्यावर पडल्यासारखी. मग जरा सैल पडायचं, आणि शिवणयंत्रावर बसलो की पुन्हा तेच. आमचं पायमशीन तुम्हाला माहीतच आहे, टाच खाली, चवडा खाली, दिवसभर तोच झोका. चिरंजीवांनी थोडे दिवस पाहिलं आणि म्हणाले, "बाबा, आता पुरे. महिनाअखेरपर्यंत पाय बरा झाला तर ठीक, नाहीतर हे धूड काढतो आणि तिथे आरसा लावतो. तुम्ही दारात खुर्ची टाकून गिऱ्हाइकांना या-बसा म्हणा." भाऊजी, उभा जन्म मी लोकांना उभं करून त्यांची मापं घेतली, आणि आता या-बसा? (आमच्या समोरचे घड्याळवाले असेच दारात बसले होते. आता ती खुर्चीही दिसत नाही.) माझी तर झोपच उडाली.

म्हणून मी घाईघाईनं, स्वतःच्या अकलेनं इलाज सुरू केला. शीर आखडली आहे हे तर उघडच होतं. आखडलेल्या कापडाचं शिंपी काय करतो? ओलं करतो, ताणतो आणि इस्त्री मारतो. तेच केलं. पायरीच्या कडेला चवडे ठेवून टाचा खाली सोडल्या आणि लोंबकळलो, ताण बसावा म्हणून एका हातात कोळशाची जुनी इस्त्री. मग टाचेला ओलं फडकं गुंडाळून वरून दुसरी, गरम इस्त्री फिरवली (रेशमाला सोसेल इतकीच गरम, मी काही वेडा नाही). शेवटी शीर जागेवरून हलू नये म्हणून विजारीचं इलॅस्टिक करकचून बांधलं. सौभाग्यवती दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "आता काज-बटणही करून घ्या." दुसऱ्या दिवशी पाय जमिनीला टेकेना. शीर तुटणार, पाय जाणार, आणि एकाच बुटाचे पैसे दुकानदार घेईल का, इथवर माझी मजल गेली.

सूनबाईनं मला गाडीत घातलं आणि व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वय पाहाल तर तुमच्या धाकट्या लेकीएवढं. मी मनात म्हटलं, ही काय बरं करणार? पण भाऊजी, काय ते बोट! पहिल्या झटक्यात नेमकं दुखऱ्या जागी. मी खांद्याचा उतार नुसत्या नजरेनं ओळखतो ना, तसं. काय काय केलंत, विचारलं. मी सगळं सांगितलं, इस्त्रीसकट. त्या हसल्या नाहीत. फक्त भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि त्यांचे खांदे तेवढे हलत होते.

मग म्हणाल्या, "काका, ही कंडरा. ही आखडलेली नाही, चेपली जातेय." आणि माझ्याच गळ्यातली टेप काढून त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावरून ओढून दाखवली. सरळ ओढली तर काही नाही. कोपऱ्यावरून ओढली की तेवढीच जागा कोपऱ्यात दाबली जाते. पाऊल वर वाकलं, टाच खाली गेली, की शीर टाचेच्या हाडाच्या कोपऱ्यावर अशीच दाबते. ओढही तिथे आणि दाबही तिथेच. म्हणजे पायरीवर लोंबकळून, इलॅस्टिक आवळून, मशीनपाशी बुटक्या स्टुलावर बसून मी नेमकं तेच करत होतो. कोटाची बाही कोपरावरच का विरते हे गिऱ्हाइकांना समजावत माझे केस पिकले, आणि स्वतःच्या टाचेत तीच गोष्ट दिसू नये!

मग आता पाय उचलून पडून राहू का, म्हणून मी घाबरत विचारलं. "अजिबात नाही. आराम दिला तर ती आणखी कमजोर होईल. तिला काम हवंय, फक्त चेपल्याशिवाय." भाऊजी, हे वाक्य कशिदा काढून चिरंजीवांच्या पलंगावर टांगावं असं माझ्या मनात आहे.

त्यांनी टाचेखाली जाड फेल्टचा तुकडा ठेवायला सांगितला, स्टूल उंच करवलं. सपाट जमिनीवर भिंत धरून चवड्यावर उभं राहायचं आणि सावकाश उतरायचं, टाच जमिनीच्या खाली मुळीच नाही. पुढे खांद्यावर पिशवी आली, तीत कात्र्या आणि ती कोळशाची इस्त्री (तिला अखेर योग्य काम मिळालं). करताना थोडं दुखलं तर चालेल, सकाळी वाढलेलं नसलं म्हणजे झालं. सवय झाली की टाच हळूहळू खालीही सोडता येईल. दाब काही वैरी नाही, म्हणाल्या, तो बेतानं वाढवायचा. मी रोज नवी शंका घेऊन जायचो. शिंकल्यावर शीर ताणते का, हेही विचारलं. प्रत्येक वेळी त्या पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्यायच्या. अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय.

परवा मशीनवर बसलो. पायपट्टीवर टाचेच्या जागी फेल्ट चिकटवला होता. एका कोटाची आख्खी कॉलर शिवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भीत भीत पाय टेकला, तर ठणका वाढलेला नव्हता! चिरंजीवांनी कॉलर उलटीसुलटी केली, टोकं चाचपली. मग म्हणाले, "बाबा, आरसा त्या पलीकडच्या भिंतीला लावला तर उजेड येईल का?" मी म्हटलं, येईल की.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा मेहुणा

ता. क. बाहेर चालतानाही टाच जरा उंच हवी, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद आहे. पुन्हा लंगडलो तर आरसा मशीनच्या जागी येणार. पण बाजारात पुरुषांचे जोडे सगळे सपाट. घरात सौभाग्यवतींच्या सँडल घालतो, पण परवा तशाच दुकानात गेलो तर गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, आता लेडीज विभाग काढला का?"

ता. क. दुसरा. तुमच्या लग्नातले ते काळे, टाच चढवलेले बूट अजून असतील ना? तुमची विजार दोन बोटं लांब ठेवून त्या टाचा मीच झाकल्या होत्या, आणि नवरदेव ताईहून उंच दिसले. ताईला आजवर पत्ता नाही. आपलं माप एकच आहे. तेवढे बूट पाठवा. ताई आता जरा वाकली आहे, तुम्हाला त्यांची गरज उरलेली नाही.

ता. क. तिसरा. सूनबाई आत्ता म्हणते, हल्ली तुम्हाला पत्रं ताईच वाचून दाखवते. अरे देवा. ताई, तू इथवर वाचलंच असशील, तर बूट तूच बांधून पाठव. आणि भाऊजींना काय बोललीस ते उलट टपाली कळव गं, नाहीतर माझा जीव टांगणीला लागून राहील.