ढोकीकर तुझ्या नाटकाच्या पाया पडले

ढोकी,
२ डिसेंबर १९८२

चि. गुरुलिंग,

मावशीचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत. काकांचा गुडघा आणि नळाचं पाणी, दोन्ही दिवसाआड चालतात. तुझा खोकला गेला का? वेळेवर जेवतोस का? (तुझ्या नाटकातली पोरं तीन अंकांत एकदाही जेवत नाहीत, म्हणून विचारते.)

पुण्याच्या पेपरातलं परीक्षण वाचलं. मुलीनं सोडल्यावर होस्टेलात गांजाच्या पार्ट्या करणाऱ्या पोराच्या नाटकाला 'तीन अंक नुसता धूर' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना कुणी सोडून गेलेलं नसावं. म्हणजे आधी कुणी आलेलंच नसावं. पण तेवढ्यावरून तू लिहिणंच सोडायचं म्हणतोस आणि वही पाठवून 'मावशी, बंबात घाल' असं लिहितोस, हे मला पटलं नाही. मी वही वाचली, रडले, आणि इथल्या साखर कारखान्याच्या गळीत हंगामाच्या कार्यक्रमात नाटक बसवलं. तुला न विचारता. (आमच्या सोलापूरच्या कॉन्व्हेंटात नाताळच्या नाटकात मी सलग चार वर्षं मेंढी होते. एकदाही वाक्य मिळालं नाही. सिस्टर म्हणायच्या, पण ऐकतेस किती मनापासून! तेव्हापासून नाटक म्हटलं की मला राहवत नाही.)

नायक केला वजनकाट्यावरच्या नागप्पाला. कपडेवाल्याला लिहिलं होतं, 'लांब केसांची चार मुलं'. त्यानं ऋषींच्या जटा आणि रुद्राक्षाच्या माळा पाठवल्या. परत करायला वेळ नव्हता. चिलमीत गांजा थोडाच भरणार, म्हणून मी ऊद घातला. दुसऱ्या अंकात तुझी ती पार्टी. पडदा उघडला तर चार जटाधारी गोल बसलेले, मध्ये चिलीम, आणि मांडवभर उदाचा वास. पहिल्या रांगेतल्या धुरपदाबाई उठल्या, चपला काढल्या आणि थेट वर जाऊन नागप्पाच्या पाया पडल्या. मग रांगच लागली. दगडोबांनी हात जोडून विचारलं, "म्हाराज, औंदा तर गेलं. फुडच्या मिरगाला तरी पडंल का न्हाय?" नागप्पाचं वाक्य होतं, 'आता मला कशाचीच आशा नाही'. पण समोरचे चेहरे बघून बिचाऱ्याला ते बोलवेना. तो म्हणाला, "पडंल." अशा टाळ्या मी जन्मात ऐकल्या नाहीत.

तिसऱ्या अंकात मात्र नागप्पा एकटा, हातात तिचं शेवटचं पत्र. वाटलं, आता हसतील. तेवढ्यात ऊसतोडीला आलेली हरणाबाई उभी राहिली. "लेकरा, गेली तर गेली. धुरानं प्वाट भरतंय व्हय? घे, भाकर खा." आणि फडक्यातली भाकरी तिनं स्टेजवर ठेवली. नागप्पानं ती खरंच खाल्ली, खाताना खरंच रडला, आणि बाया डोळ्यांना पदर लावून बसल्या. (भाकरी खाल्ल्यावर नागप्पा मरायला मात्र तयार होईना. तुझ्या शेवटाला तेवढा धक्का लागला.)

जाताना हरणाबाईनं मला गाठलं. "बाई, ह्ये ज्यानं लिवलं, त्यो बरा हाय न्हवं आता?"

गुरू, पुण्यात हे तुला कुणी विचारलं का? मी तिला 'हो' म्हणून सांगितलंय. तेवढं मला खोटं पाडू नकोस.

तुझी,
चन्नम्मा मावशी

ता. क. बेंबळीकरांना पुढच्या महिन्यात प्रयोग हवा आहे, पण नायक जिवंत राहिला पाहिजे म्हणतात. मी होकार दिलाय. नवा शेवट आठ दिवसांत पाठव.

ता. क. खरं सांगते, हे पत्र मी तुझ्या आईच्या सांगण्यावरून लिहायला बसले होते. तुझं नाटकाचं खूळ काढून तुला बँकेच्या परीक्षेला बसवायचं होतं. तिनं विचारलं तर सांग, मावशीनं फार कडक लिहिलंय.

ता. क. बेंबळीला नायकाच्या आईच्या कामाला बाई मिळत नाही. मी तुझ्या आईचं नाव कळवून टाकलंय. हे तिला तूच सांग, माझा धीर होत नाही.