श्रावणीने उचललेला हेल

सोलापूर,
सोमवार

तीर्थस्वरूप सौ. अनसूयाताईस,

धाकट्या महेश्वरचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देतात असे भावजींकडून कळले, बरे वाटले. इकडे सगळे ठीक. ऊन आहे, पण सोलापुरात राहून त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. फोन सोडून पत्र का, असे तुला वाटेल. सध्या मी बोलणे जरा कमी केले आहे.

त्याचे असे झाले. आपल्या अनीशच्या श्रावणीने (वय वर्षे सहा) तुमच्या पुण्यात शाळेच्या कथाकथनात नाव दिले, आणि अनीशने मला गोष्ट फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगितली. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेल्या, वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून (थेट मोडनिंबपर्यंत) बोलावणी येणाऱ्या माणसाला हे काम म्हणजे पोरखेळ. वाट चुकलेल्या मेंढीची गोष्ट मीच रचली आणि स्वच्छ, पुस्तकी मराठीत सांगितली. नातीने ती शब्दन् शब्द उचलली, माझ्या खाकरण्यासकट. तालमीला सगळा वर्ग हसला, तोही मेंढी हरवते त्या जागी. बाईंनी अनीशला कळवले की पाठांतर उत्तम, पण हेल गावाकडचा आहे. सुधारला नाही तर पुढच्या शनिवारच्या कार्यक्रमातून नाव काढावे लागेल.

माझ्या बोलण्यात हेल म्हणे. मी तडक नव्या पेठेत शिवलिंगप्पाच्या कापडदुकानात गेलो (घरी कन्नड, गल्ल्यावर मराठी, गिऱ्हाईक पाहून तेलुगू, म्हणजे कान तयार) आणि दोन गिऱ्हाइके खोळंबवून अख्खी गोष्ट उभ्याने म्हणून दाखवली. तो म्हणाला, "हेल कुटला, सर? तुमी तर आमच्यावानीच बोलता की." निकाल माझ्या बाजूने लागला म्हणून पेढे घेऊन घरी आलो. दुसऱ्या पेढ्याला त्या वाक्याचा अर्थ ध्यानात आला.

मग पहिल्यांदाच स्वतःचे रेकॉर्डिंग ऐकले. ताई, तो मी नव्हतोच, ते आपले अण्णा होते. वाक्याच्या शेवटी तसाच सूर वर नेणारे, 'लई'वर तसेच रेंगाळणारे (पुस्तकी मराठीत 'लई' शिरले कधी, देव जाणे). त्यांना जाऊन एकोणीस वर्षे झाली. मी तीनदा ऐकले आणि खरे सांगायचे तर रडलो. तरी माझे मत ठाम आहे. आपले मराठी शुद्धच आहे, तो वर्गच कच्चा आहे.

तुझा,
महेश्वर

ता. क. पत्राचे खरे कारण राहिले. तुला पुण्यात चाळीस वर्षे झाली. सोबतच्या कागदावर गोष्ट लिहून दिली आहे, ती तुझ्या आवाजात अनीशला पाठव.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी तू माझ्या वाढदिवसाला व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलेला आशीर्वाद पुन्हा ऐकला. राहू दे, ताई. चाळीस वर्षांत पुणे तुझ्या जिभेला शिवलेलेही नाही.

ता. क. ३. आत्ताच अनीशचा फोन आला. बाईंनी स्वतः गोष्ट म्हणून दाखवली, तर श्रावणी म्हणाली, "ही आजोबांची गोष्ट आहे, मी आजोबांसारखीच म्हणणार." बाईंनी हात टेकले, नाव ठेवले. पण फोन खाली ठेवताना अनीश हळूच म्हणाला की परत हसतील म्हणून ती मनातून घाबरली आहे. म्हणून शनिवारी मी येतो. तू जिना उतरून ये, आपण पहिल्या रांगेत बसू. पोरीने समोर पाहिले की तिच्या बोलण्यात काहीच वेगळे न वाटणारी दोन माणसे तरी तिला दिसली पाहिजेत.