एका दिवसाने मोठी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार (दोन्ही गुडघे धरलेत, तेव्हा आठांपैकी सहाच अंगांनी समज). तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला? आम्ही सगळे मजेत आहोत. अगदी मजेत. ढब्बूचा नंबर डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या यादीत एकेचाळिसावा आल्याचं तू फोनवर सांगितलंस, मग भावोजींनी सांगितलं, मग ढब्बूनं स्वतः सांगितलं, आणि तरी मामाच्या कानात काही बिघाड असेल म्हणून तू यादीचा फोटो पाठवलास, त्याच्या नावाभोवती लाल गोल काढून. पोहोचला. फार आनंद झाला. आनंदाच्या भरात त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला दोन्ही तासकाटेच बसवले.

ताई, खोटं कशाला बोलू, माझा जळून कोळसा झालाय. ढब्बू हुशार आहे, कबूल. पण आमची बारकी काय कमी होती? तिनं हीच परीक्षा गेल्या वर्षी दिली आणि नऊ गुणांनी हुकली. नऊ! पुन्हा बसते म्हणाली, तर मी उडवून लावलं, वर्ष वाया जातं म्हणून. (मी पडलो घड्याळजी. दुकानातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे ठेवतो. मागे राहणं मला सोसत नाही.) तेव्हापासून पोरगी सकाळी नावापुरती कॉलेजात जाते, दुपारी माझ्याशेजारी बसून घड्याळांचे पट्टे बदलते आणि मान वर करत नाही. तुझा तो लाल गोल बघितल्यापासून पुन्हा परीक्षेचं काढतेय.

त्यात परवा गणिताचे मास्तर सेल बदलायला आले आणि जखमेवर मीठ चोळून गेले. म्हणे, वर्गात वयानं सगळ्यात लहान असलेलं पोर कायम धापा टाकत पळतं. सहा वर्षांच्या जिवाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा सहावा हिस्सा. पुढे तो फरक कमी कमी होतो, पण थोडा उरतोच, अगदी प्रवेश परीक्षेपर्यंत. मी विचारलं, थोडा म्हणजे किती? तर म्हणाले, ते का मोजून सांगता येतं? पण यादीत चार-दोन गुणांनीही माणूस इकडचा तिकडे होतो. मी सेल उलटा घातला.

मग मला सगळं आठवलं. शाळेचा नियम असा, की तीस जूनला सहा वर्षं पुरी हवीत. बारकी तीस जूनची, ढब्बू एक जुलैचा. तू आणि माझी बायको एकाच दवाखान्यात, शेजारशेजारच्या खाटांवर. आमची पहिलीत गेली, तुझा एका दिवसासाठी वर्षभर बाहेर राहिला. मी तेव्हा तुला सांत्वनाचं पत्र लिहिलं होतं (चार पानी, त्यात ‘धीर धर’ तीनदा). वर ढब्बूला बारकीला ‘ताई’ म्हणायला लावलं. आणि झालं काय? बारकीचा हात दप्तराच्या खुंटीला पुरेना, वर्षभर तिचं दप्तर बाईंनी टांगलं. तुझा ढब्बू वर्षभर घरात लोळला, सायकल शिकला, भावोजींच्या मांडीवर बसून पाढे म्हणाला आणि पुढच्या वर्षी वर्गात शिरला तो थेट मॉनिटर! उंच म्हणून मॉनिटर, मॉनिटर म्हणून बाईंचा लाडका, लाडका म्हणून हुशार. आयतं! बसल्या जागी! आम्ही ऊर फुटेस्तोवर पळायचं आणि तू उशिरा निघून आधी पोहोचायचंस, हे लहानपणापासून असंच चाललंय. असो. ज्याचं त्याचं नशीब.

भावोजींना नमस्कार. ढब्बूला आशीर्वाद, मनापासून (निदान अर्ध्या).

तुझा जळका पण प्रेमळ,
भाऊ

ता. क. ढब्बूची पुस्तकं रद्दीत घालू नकोस. वह्यासुद्धा.

ता. क. २. पुस्तकं पाठवण्याचा त्रास कशाला? ढब्बूची खोली आता रिकामी होईलच. बारकीला वर्षभर ठेवून घेशील का? इथे टिकटिकीत अभ्यास होत नाही. ‘पुन्हा बस’ असं माझ्या तोंडून निघत नाही गं. तूच बोलावलंस असं सांग.

ता. क. ३. ते चार पानी पत्र फाडून टाक. आणि तिच्या खऱ्या तारखेचं, दोन जुलैचं, तिच्यापाशी अवाक्षर काढू नकोस. पोर खाटेवर रडत होती आणि मी जन्माच्या फॉर्मवर तीस जून लिहीत होतो (जन्मल्या जन्मल्या शाळेची घाई करणारा बाप मीच). तू शेजारच्या खाटेवरून डोळे वटारलेस आणि गप्प बसलीस. आताही बस. ते नऊ गुण बापानंच घालवले हे कळलं, तर ती माझं तोंड बघायची नाही.

आत्या, हे मी लिहितेय, बारकी. बाबांनी पत्र टपालात टाकायला दिलं, पाकीट नीट चिकटलं नव्हतं (चिकटलं होतं). दोन जुलैचं मला सातवीपासून माहीत आहे. ढब्बूनंच सांगितलं. एका दिवसानं मोठा असून मला ‘ताई’ म्हणायचा त्याला कंटाळा आला होता. बाबांना मात्र कळू देऊ नकोस, ते रडतील आणि पुन्हा काटे चुकवतील. मी सोमवारी निघते. वर्ष वाया घालवत नाहीये, माझंच राहिलेलं घेतेय. तुझं भिंतीवरचं घड्याळ बाबांनी दुरुस्त करून ठेवलंय, तेही आणते. पाच मिनिटं पुढे आहे. मागे करून आणते.