हातोदचा काटा आणि बेबीचे वजन

इंदूर, रविवार, ता. १६ फेब्रुवारी १९६४. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. डावा पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवून लिहीत आहे. (कारण पुढे येईल.)

तीर्थस्वरूप अप्पासाहेब मामा यांचे चरणी भाचा चिंतामणचे अनेक नमस्कार.

आपल्या डोळ्याचे कसे आहे? मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन आज बावीस दिवस झाले, म्हणजे पट्टी सुटली असणार असे धरून चाललो आहे. तरी नव्या दृष्टीला त्रास नको म्हणून अक्षर नेहमीपेक्षा मोठे काढतो. इंदिरामामींचे गुडघे कसे आहेत? इकडे आईला खोकला आहे, पण तो आपल्या ओळखीचाच आहे. आपल्या धान्याच्या आडतीवरचा संताजी आज इंदूरला आला आहे व एकच्या बसने हातोदला परतणार आहे. त्याच्या हाती हे पत्र देतो. पत्र एकांतात वाचावे, ही विनंती. मामींना वाचून दाखवण्यासारखे यात विशेष काही नाही.

तर गोष्ट आपल्या काट्याची आहे. आपल्याला ठाऊकच आहे की दिवाळीनंतर राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत मुलांसाठी दूधपावडरचे केंद्र उघडले. सरकारचे म्हणणे असे की डबे आम्ही देऊ, केंद्र लोकांनी चालवावे. म्हणून कमिटी झाली. जयसिंगराव अध्यक्ष झाले, कारण केंद्राची जागा त्यांची. (त्यांचे आजोबा रिसाल्यात होते, घोडे गेले, पागा राहिली, तीत आता डबे आहेत.) सेक्रेटरी मी झालो, कारण नववीत दोनदा बसलो असलो तरी गल्लीत सर्वांत शुद्ध मी लिहितो. नर्स पद्मजाबाई आठवड्यातून दोनदा सायकलवर येतात. त्यांनी पहिल्याच दिवशी अट सांगितली : संक्रांतीच्या आत किमान चाळीस मुलांची वजने रजिस्टरात हवीत, दोन महिन्यांनी पुन्हा हवीत, नाहीतर डबे दुसऱ्या गल्लीला जातील. त्या रात्री मला झोप लागली नाही. चाळीस हा आकडा मी वहीच्या समासात सतरा वेळा लिहिला.

पहिली अडचण ही की सरकारी काटा येत नव्हता. मी सायकलने चार वेळा पलासियाच्या सरकारी कचेरीपर्यंत जाऊन आलो, चारही वेळा मला "अगले हफ्ते" मिळाला. दुसरी अडचण मंगलाकाकू. त्या आमच्या गल्लीच्या सरकार आहेत. त्यांनी सगळ्या आयांना नळावर जमवून सांगितले, "लेकरू काय बाजारातला कांदा आहे, तोलायला? तोललेलं मूल वाढत नाही. नजर लागते." झाले! पहिल्या रविवारी वजनासाठी नाव द्यायला एक मूल आले, तेही जयसिंगरावांचे, आणि ते बावीस वर्षांचे.

मी काकूंच्या पाया पडलो. (अक्षरशः. धोतराला चुना लागला.) त्यांनी तासभर मला गव्हातले खडे वेचायला लावले आणि मग तोड सांगितली. म्हणाल्या, नुसते तोलायचे नाही, तुला करायची. नवसाला मुलाची गुळाने तुला करतात की नाही, तशी. गुळाला नजर लागत नाही आणि तुला झालेला गूळ वाटला की मुलाची इडापिडा जाते. मी भीत भीत विचारले की चाळीस मुलांचा गूळ आणायचा कुठून, तर म्हणाल्या, "अरे वेड्या, गूळ तोच ठेव. मूल बदल." मामा, माझी शाळा असती तर त्यांना गणिताचे मास्तर नेमले असते.

मग वाण्याकडून मी एक किलो, अर्धा, पाव आणि छटाकभराचे असे गुळाचे खडे तोलून आणले, कागदात बांधले, वर आकडे घातले. प्रत्येक मुलाच्या तुलेनंतर चणे आणि चिमूटभर गूळ वाटायचा, तो वेगळ्या ढेपेचा. (खडे चाटले जाऊ नयेत म्हणून दर पाच मुलांनंतर ते मी वाण्याकडे पुन्हा तोलून आणत असे. वाणी आता मला पाहिले की दुकानाची फळी लावतो.) राहिला काटा. दोन पारड्यांचा, मूल मावेल एवढा. तेव्हा मला आपली आठवण झाली. आपण एका निरोपावर आडतीवरचा जुना पितळी काटा पाठवलात. ते उपकार मी विसरणार नाही, आणि आता गल्लीही विसरणार नाही. आपला निरोपही संताजीने सांगितला होता, की या काट्याने आपल्या घराला वर आणले. तेव्हा मला फार भरून आले होते.

संताजीने पागेच्या तुळईला काटा टांगून दिला आणि दोन नियम सांगितले. माल डाव्या पारड्यात, वजन उजव्या पारड्यात, उलटे कधी नाही. आणि रिकामा काटा झुलू द्यायचा नाही, घरात भांडणे होतात. मी दोन्ही नियम सुवाच्य अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावले. काकूंनीही मान डोलावली : रिकामी कात्री वाजवू नये, तसा रिकामा काटा झुलवू नये. तेव्हापासून मूल नसेल तेव्हा उजव्या पारड्यात एक किलोचा खडा कायम ठेवलेला असे. मी रात्रीसुद्धा तो काढत नसे, मुंग्यांना पारड्याभोवती हळदीची रेघ ओढत असे. रिकामा काटा आमच्यापैकी कोणी एकदाही पाहिला नाही. (मामा, हे वाक्य मनातल्या मनात वाचावे.)

पंधरा डिसेंबरला एक्केचाळीस मुलांची तुला झाली. वाजंत्री नव्हती एवढेच. आयांनी मुलांना काजळ, टोपडी घालून आणले, काहींनी पारड्याला हळदकुंकू वाहिले. शेवटची शांताची बेबी होती, चौदा महिन्यांची. शांता मिरचीच्या वखारीत निवडायला जाते, ती हात धुऊन धुऊन आली होती, तरी पोरीला शिंका. बेबी पारड्यात बसली आणि समोरचा गूळ पाहून अशी हसली, की पद्मजाबाईंनी वजन लिहून घ्यायला मला दोनदा सांगितले. सहा किलो. सगळी मुले एकूण हलकीच भरली. पद्मजाबाई गंभीर झाल्या, त्यांनी वर लिहून डबे वाढवून घेतले. आया पाळीपाळीने दूध कालवू लागल्या, काकू पातेल्याजवळ पळी घेऊन बसू लागल्या. त्यांच्या देखत पाणी जास्त घालण्याची कोणाची छाती नाही.

आणि नऊ फेब्रुवारीला, सरकारी काटा आल्यावर, दुसरे वजन झाले. हा काटा स्प्रिंगचा असतो, मुलाला झोळीत घालून आकड्याला टांगतात. (आयांना तो मुळीच आवडला नाही. खाटकाकडची आठवण होते म्हणतात.) पण आकडे असे की पद्मजाबाईंनी दोनदा तपासले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मुले वाढलेली! कोणी सातशे ग्रॅम, कोणी किलोभर. सर्वांत कमी बेबी, तीसुद्धा पाव किलो वाढून सव्वासहा. जयसिंगरावांनी तिथल्या तिथे मिशीला पीळ दिला, भोपाळच्या एका साहेबांना शुक्रवारचे आमंत्रण धाडले आणि पन्नास जणांची पोहे-जिलेबी सांगून टाकली. मला म्हणाले, "सेक्रेटरी, भाषण लिही. आणि त्यात माझं नाव थोडं थोडं सगळीकडे टाक, मिठासारखं."

बुधवारी सकाळी मी आपला काटा परत पाठवायचा म्हणून चिंच लावून घासायला घेतला. आपली वस्तू आहे, आली त्याहून स्वच्छ जावी, हा हेतू. डावे पारडे लख्ख झाले. उजवे उलटे केले, तर खाली मध्यभागी काळी ढेप दिसली. मला वाटले आपल्या वाडवडिलांच्या काळची मळी असेल. अदबीने खरवडली. निघेना. जोर लावला, तेव्हा ती लाखेसकट सुटली आणि माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. मळी एवढी लागत नाही, हे मला तेव्हाच कळले. शिसे होते. लंगडत वाण्याकडे नेऊन तोलले. (त्याने या वेळी फळी लावली नाही, खुर्ची दिली.) बरोबर अर्धा किलो.

मामा, मी आपल्याविषयी एक क्षणही वाईट विचार केला नाही. एखाद्या जुन्या नोकराने लावले असेल. आपले लक्षच गेले नसेल. चाळीस वर्षांत उजवे पारडे उलटे करण्याचा योग आला नसेल. माणूस माल घेताना मालाकडे पाहतो, पारड्याच्या बुडाकडे कोण पाहतो? फक्त काट्याने घराला वर आणल्याचा निरोप मला पुन्हा पुन्हा आठवू लागला आणि अंगठा ठणकू लागला.

मग मी रजिस्टर घेऊन बसलो. डिसेंबरात गुळाच्या बाजूला चोरून अर्धा किलो बसले होते, म्हणजे प्रत्येक मूल खरे अर्धा किलो जास्त होते. प्रत्येक जुन्या आकड्यात अर्धा मिळवत गेलो. एकोणतीस मुले तरीही वाढलेली निघाली, ही दुधाची आणि काकूंच्या पळीची कमाई. अकरा होती तिथेच. आणि शेवटची ओळ बेबीची : सहा नव्हे, साडेसहा होती. आता सव्वासहा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या त्या दिवशी ती पोरगी पाव किलो झडलेली होती.

आता माझी अवस्था पाहा. बोलावे तर जयसिंगरावांची जिलेबी कडू, एक्केचाळीसचा विजय एकोणतीसवर, डबे जाण्याची भीती, आणि हातोदच्या पेठेत आपले नाव. न बोलावे तर पुढचे वजन एप्रिलात. एप्रिलापर्यंत बेबीपुढे रजिस्टरात 'वाढ समाधानकारक' असा शेरा राहणार होता, आणि तो माझ्या अक्षरात होता. पद्मजाबाई साहेबांच्या तयारीसाठी शुक्रवारीच येणार होत्या. दोन दिवस मी चहासुद्धा घेतला नाही, म्हणजे घेतला, पण चव लागली नाही.

शुक्रवारी साहेब आले. माझे भाषण जयसिंगराव वाचत होते. ते 'एकही बालक मागे राहिले नाही' या वाक्यापाशी आले, आणि मी उभा राहिलो. पाय लंगडा असल्यामुळे खुर्ची पडली, त्यामुळे सगळ्यांनी पाहिले. मी सांगितले की डिसेंबरातली वजने चुकली आहेत, चूक माझी आहे, हातोदहून बसने काटा येताना पारड्याला शिसे चिकटले असावे व मी ते तपासले नाही. (आपले नाव मी घेतले नाही, मामा.) मग जयसिंगराव म्हणाले, "हातोदच्या बसमध्ये शिसं चिकटतं? भिया, सोनं चिकटणारी बस कोणती ते सांग, मी रोज बसतो!" सगळे हसले. साहेबही हसले. एकट्या पद्मजाबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "चिंतामणजी, मूल कोणतं?" मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. साहेबांच्या गळ्यात घालायचा हार त्यांनी माझ्या हातात दिला आणि त्या तडक शांताच्या खोलीकडे गेल्या.

संक्रांतीनंतर बेबीला हगवण लागली होती. मंगलाकाकूंच्या सल्ल्याने तीन आठवडे तिचे दूध बंद होते, नुसते साबुदाण्याचे पाणी चालू होते. शांता रोजंदारी बुडवून सांगायला येऊ शकली नाही, आणि आली तेव्हा टाळ्या चालू होत्या. त्या पाण्यावर बेबी झडली हे काकूंना कळले तेव्हा त्या प्रथम बसल्या, मग उठल्या, मग स्वतःची पळी घेऊन शांताकडे गेल्या. आता दर दोन तासांनी कोणत्या घरातून बेबीसाठी काय जाणार याचा तक्ता केला आहे : मुगाचे पाणी, मऊ भात, दूध, भाजलेल्या चण्याच्या पिठाची पेज. तक्ता मी आखला, पाळ्या काकूंनी लावल्या. जयसिंगरावांच्या घरची पाळी पहाटे सहाची आहे, हा त्या बसच्या विनोदावरचा काकूंचा सूड आहे. साहेब जाताना म्हणाले, खोटे एक्केचाळीस पुष्कळ पाहिले, खरे एकोणतीस पहिल्यांदा पाहिले. डबे राहिले.

आपला काटा मी परत पाठवत नाही. आता तो अगदी बरोबर झाला आहे, त्यामुळे आपल्या उपयोगाचा राहिला नसेल. आयांना सरकारी झोळी नको, तुलाच हवी आहे. तेव्हा तो आपण केंद्राला दिला असे समजतो. नियमांच्या पुठ्ठ्यावरचा दुसरा नियम मी बदलला आहे : रोज सकाळी प्रथम रिकामा काटा झुलवावा. काल झुलवला, घरात भांडण झाले नाही.

आपला आज्ञाधारक भाचा,
चिंतामण

ता. क. : शिशाचा गोळा कागदात बांधून माझ्या पेटीत जपून ठेवला आहे. त्याची काळजी नसावी. किंवा थोडी असावी.

ता. क. २ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात संताजी म्हणाला की आपली पट्टी अजून दहा दिवस सुटायची नाही, आणि आलेली सगळी पत्रे मामी ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवतात, पेठेतली मंडळीही ऐकायला बसतात. पुन्हा लिहायला वेळ नाही, बस एकची आहे. तेव्हा मामी, आपणास साष्टांग नमस्कार. वरचे कंस आपण मोठ्याने वाचले असतील तर क्षमा असावी. मामांना पाणी द्यावे.

ता. क. ३ : मामी, कोठीची किल्ली आपल्याकडे असते म्हणून आपल्यालाच लिहितो. हिशेब असा :
मुले एक्केचाळीस, दर मुलामागे आपल्या काट्याने खाल्लेले अर्धा किलो. एकूण येणे साडेवीस किलो. हरभरा चालेल, सोबत शेंगदाणे आल्यास हरकत नाही.
बेबीचे वजन आज सकाळी दोन्ही काट्यांवर केले. दोन्हीकडे सहा किलो तीनशे पन्नास. शंभर ग्रॅम जमा.
हरभरा आपण मुठीने मोजावा. मामांना मोजू देऊ नये.