अठराचं माप

मोताळा,
आठवडी बाजाराचा दिवस (तारीख कोणाला तरी विचारून मग घालीन)

आमचे एकुलते एक साळे श्री. ज्ञानेश्वरराव यांना रंगराव मापारी याचा, घाट चढून बुलढाण्यापर्यंत पोचेल असा, दमदार रामराम.

वि. वि. आम्ही उभयता खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुमचा गुडघा कसा आहे? सूनबाई वरणात मीठ घालू लागल्या की अजून तुम्ही ताट घेऊन शेजारी फिरता? पत्र पाहून तुम्ही म्हणाल, यांना फोन करायला काय धाड भरली होती. भरली नव्हती, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं मार्केट यार्डापर्यंत ऐकू जातं, आणि यातलं एक अक्षरही तुमच्या बहिणीला कळता कामा नये. म्हणून कवाड लोटून लिहायला बसलो आहे.

पोळ्यानंतर माझ्या मेंदूत बारीकशी गुठळी झाली ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही दवाखान्यात शहाळं घेऊन आला होता (आणि अर्धं स्वतःच प्यायलात). हातपाय वाचले, तोंड वाकडं झालं नाही, म्हणून सगळ्यांनी देवाला हात जोडले. गेले ते फक्त आकडे. जन्मभर यार्डात ज्याने पोती मोजली, ज्याच्या तोंडचा आकडा व्यापारी आणि शेतकरी दोघंही मुकाट मानत, त्याचेच आकडे जावेत, ही देवाची थट्टा मला अजून पचलेली नाही.

तिथल्या डॉक्टर सारिका मॅडम, वयाने आपल्या लेकीएवढ्या, त्यांनी माझ्यासमोर तीन बोटं धरली आणि किती म्हणून विचारलं. मी म्हणालो, लाभ, दोन, तीन. बाईंनी चष्मा वर केला आणि कागदावर काहीतरी खरडलं. पुन्हा एकच बोट धरलं. मी म्हणालो, लाभ. बाईंचा चेहरा पडला. पेशंटचा ‘एक’ कायमचा गेला असं त्यांना वाटलं असणार. आता पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं, म्हणजे बरकत राहते, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं, तर त्यांनी तेही लिहून घेतलं. मग पाढे विचारले. मी पावकी, निमकी, औटकी अशी धाड धाड म्हणून दाखवली, बाजूच्या खाटेवरचा म्हाताराही उठून बसला. बाई खूश झाल्या आणि सहज म्हणाल्या, काका, सात मोठे की नऊ? मी म्हणालो, सात, कारण सात जन्मांची सोबत. बारा मोठे की पाच? पाच. पाचामुखी परमेश्वर बोलतो. आणि बाराच्या भावात गेलेला माल कोण घेतं? (मला तेव्हा वाटलं होतं, आपण पैकीच्या पैकी मिळवले.)

बाईंनी समजावून सांगितलं, ते तुम्हालाही सांगतो. मेंदूत आकड्यांचे शब्द एका जागी असतात, घोकलेले पाढे त्याच बाजूला, पण ‘किती’ हे कळायची जागा निराळी. यार्डात पुकारा करणारा एकीकडे आणि माल दुसरीकडे, तसं. माझा पुकारा शाबूत आहे, माल जागेवर नाही. लहान पोराला जसं चिंचोके हाताळून ‘पाच’ कळतो, तसं मलाही नव्याने शिकावं लागेल. महिने लागतील, पण येईल, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी तूर निवडायच्या नावाखाली ताटात दाण्यांचे ढीग करतो आणि कोणता मोठा ते बघत बसतो. या पत्रातले आकडेसुद्धा लाभपासून म्हणत आलो की मगच हाती लागतात. जाताना बाई आणखी एक गोष्ट म्हणाल्या: तोवर गाडी आणि औषधं यांना हात लावायचा नाही. आमचा पोरगा प्रज्वल तेव्हा खाली गाडी आणायला गेला होता. ही गोष्ट मी गिळून टाकली.

का गिळली, ते ऐका. तुमच्या बहिणीला, रुक्मिणीला, रोज सकाळी साखरेच्या आजाराची सुई लागते. तिच्या डोळ्यांपुढे आता नुसतं धुकं आहे, म्हणून सुई मी देतो. आमचे चिरंजीव आधीच म्हणून बसले आहेत, की बाबा, तुमच्यानं जमत नसेल तर आईला मी पुण्याला नेतो, तुम्ही ताईकडे नांदुऱ्याला राहा. माझ्या खोलीत दोघं मावत नाहीत, म्हणतो. पोरगं वाईट नाही, खोली लहान आहे. पण या वयात ती पुण्याला आणि मी नांदुऱ्याला, हे ऐकूनच माझी पाचावर धारण बसली.

सुईचं ते पेन असतं. मागची चकती फिरवली की एकेका युनिटला टिक् वाजतं, आणि खिडकीत आकडा येतो. तो आकडा मला दिसतो पण कळत नाही. तिला कळला असता, पण दिसत नाही. पंचाईत झाली खरी, पण मी तोड काढली. पोती मोजल्यासारखं टिक् गणिक मनात म्हणत जायचं: लाभ, दोन, तीन… अठरा आले की थांबायचं. माल नसेना का, पुकारा तर आहे! कित्येक दिवस सुरळीत गेले, आणि मला वाटलं, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात.

मग गेल्या आठवड्यातली ती सकाळ उजाडली. माझे अकरा झाले होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारची संजीवनी ओरडली, “काकाजी, बाजारात गेले तं मेथीची जुडी आनजा!” मी हो म्हणालो आणि मोजणी तुटली. आता मापाऱ्याचा धर्म असा, की मोजणी तुटली की पुन्हा लाभपासून धरायचं. मी धरलं. त्याआधी चकती मागे शून्यावर फिरवायची असते, हे ध्यानातच आलं नाही. अठरा झाले, सुई दिली. पेनचं बटन दाबता दाबता संपेना, तेव्हा मनात काहीतरी चरकलं. पण काय चरकलं ते आकड्याशिवाय कळायचं कसं?

थोड्या वेळाने रुक्मिणी तुळशीला पाणी घालून आली ती चौकट धरून उभी राहिली. म्हणाली, “मले गरगर होऊन राह्यलं.” कपाळावर घाम, हात लटलट कापत होते. खाली बसवली, तर माझ्याकडे बघून म्हणाली, “ज्ञानू, तू कवा आला?” (बायकोने नवऱ्याला साळा समजावं, याहून मोठा अपमान नाही, पण हसू आलं नाही हो.) मी साखरेचा डबा अख्खा तांब्यात उपडा केला, मान धरून घोट घोट पाजत राहिलो. ती गिळते आहे की नाही, एवढंच बघत होतो. देवाचं नावसुद्धा आठवेना, तोंडातून नुसतं लाभ, लाभ निघत होतं. ज्ञानेश्वरराव, एवढा मी जन्मात कधी भ्यालो नाही. किती वेळ गेला ते मला विचारू नका. शेवटी तिने तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, “इतकं गोड काऊन केलं?” मग जरा थांबून, “किती देल्ली व्हती सुई आज?”

मी म्हणालो, अठरा.

ती म्हणाली, “बरं.”

तेव्हापासून रोज सकाळी चकती आधी मागे फिरवतो आणि मगच लाभ म्हणतो, तरी खात्री वाटत नाही. कोणाला सांगावं कळेना. असो. घरातल्या लहानमोठ्यांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल लावा, थंडीत जपा.

आपला,
रंगराव

ता. क. तुम्ही चार दिवस राहायला या. (चार म्हणजे किती ते तुम्हीच ठरवा, महिनाभरही चालेल.) मोताळ्याच्या वैद्याला उजवा गुडघा दाखवायचा आहे असं सांगा. सकाळी चष्मा लावून माझ्यासमोर बसा, आणि खिडकीत अठरा आले की हळूच मान हलवा. तुमच्या बहिणीला संशय यायला नको.

आणखी ता. क. घात झाला. लिहिताना मी प्रत्येक शब्द तोंडाने म्हणतो, हे मला ठाऊक नव्हतं. यार्डातली खोड. कवाडापलीकडे तुमची बहीण ओसरीत बसून रामरामापासून सगळं ऐकत होती. आत येऊन म्हणाली, “भाऊचा डावा गुडघा दुखते, उजवा नाही. सोंग तरी नीट सांगा.” मग म्हणाली, “त्या दिवशी तुमचं टिक् टिक् एकोणतीस डाव वाजलं व्हतं. म्या आयकलं.” मी म्हणालो, अगं, मग हात धरून थांबवलं का नाहीस? तर म्हणते, “तुमचं माप चुकते का कधी? मले वाटलं, डॉक्टरनं वाढवून देल्ली असन.” दुसऱ्या दिवसापासून ती रोज मनात मोजते आहे, आणि मी कधी बोलतो याची वाट बघते आहे. मला तिच्यासमोर मान वर करवेना.

सगळ्यात शेवटचा ता. क. तिने प्रज्वलला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. हे फिरवतीन, मी आयकीन, दोघं मिळून एक मापारी होतो, असं ती त्याला म्हणाली. तो रविवारी येतो म्हणाला आणि फोन ठेवला. तुम्ही त्याच्या आधी या. मोजायला नाही. ‘त्यांना वेगळं करू नको’, एवढंच त्याला सांगायला या.